ऊस पिवळा पडलाय, पण भुकेनं नाही

प्रश्न (शिरोळ तालुका): पुराचं पाणी आठ दिवस उसात उभं होतं. आता पानं पिवळी पडलीत. दुकानदार एकरी दोन पोती युरिया आणि टॉनिक सोडायला सांगतोय. सोडू का? झाडं तर ऑक्सिजन सोडतात, मग मुळी गुदमरते कशी?

उत्तर: सोडू नका.

ऑक्सिजन तयार करतात ती पानं, तेही उजेडात. मुळी अंधारात असते, तिला मातीच्या पोकळीतली हवाच लागते. पानातून आलेली साखर ऑक्सिजनशिवाय नीट जळत नाही, आणि ती जळली नाही तर खत ओढायला ताकद येणार कुठून? पोकळीत पाणी भरलं की संपलं. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. भाताच्या मुळीत हवेच्या नळ्या असतात, म्हणून तो चिखलात तगतो. ऊस थोडे दिवस कळ काढतो, सोयाबीन तेवढीही नाही.

खात्री करायची तर उसाच्या बेटाजवळची (झुबक्याजवळची) मुळी उकरून बघा. पांढरी असेल तर जिवंत. काळी पडलेली, चिमटीत साल निसटणारी आणि कुजक्या अंड्यासारखी वास मारणारी असेल तर मेली. मेलेल्या मुळीला युरिया घालून काय करणार? चिखलात त्यातला बराच नत्र वायू होऊन उडतो, उरलेला निचऱ्याबरोबर जातो. पोत्याचे पैसे मात्र दुकानदाराच्या गल्ल्यात. टॉनिकचं तर नावच काढू नका.

आधी चर काढा. शेताच्या उताराच्या अंगाला, दोन-अडीच फूट खोल. दरवर्षी सांगतो, दरवर्षी बांधावरनं भांडण निघतं आणि चर राहतो. शेजाऱ्याशी बोलून दोघांत एक काढा.

मग वाफशाची, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची होण्याची, वाट बघा. वीतभर खालची माती घेऊन लाडू वळा, छातीच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन बसला तर अजून नाही, रानात पायही घालू नका. वाफशावर हलकी भांगलण (खुरप्यानं तण काढणं) करा. नवी पांढरी मुळी दिसल्यावरच खत, तेही हप्त्यानं. तोवर फार तर १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेल्या विरघळणाऱ्या खताची) फवारणी, १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. जास्त घातलं तर पानं करपतील. युरिया पुन्हा विचारू नका, नव्या मुळीआधी नाही म्हणजे नाही.

ठिबक आहे म्हणून दिवसभर कॉक उघडा ठेवलात तर मुळी तशीच गुदमरेल.