ठाण्यात आठवी-नववीच्या मुलांना खेळ आणि अभ्यास दोन्हीकडे वळवायला कोणत्या सोयी आहेत?

घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीतले पालक मिळून मुलांसाठी गट सुरू करताय, त्यासाठी ॲप, पुस्तकं, योजना, मैदानं अशी माहिती हवी, असं तुम्ही लिहिलंय. ती देते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे जोडलंय, 'दहावी जवळ आली की खेळ बंद करावा ना, म्हणजे अभ्यासावर परिणाम नको', त्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवायचे, आता निवृत्त आहे. हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं आणि नोकरीभर त्यावर भांडले.

बंद करू नका. वेळ बदला, वाटलं तर एखादी स्पर्धा सोडा, पण रोजचं मैदान सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. दहावीच्या वर्षाला त्यात वेगळा नियम नाही. हाडं भरण्याचं वय हेच असतं, बोर्डाच्या परीक्षेसाठी ते थांबत नाही.

आता साधनं. 'फिट इंडिया' मोहीम २०१९ मध्ये राष्ट्रीय क्रीडा दिनी सुरू झाली, तिचं मोफत ॲप आहे. 'खेलो इंडिया'च्या क्षमता चाचण्या तर तुम्ही सोसायटीच्या आतल्या रस्त्यावरही घेऊ शकता. ९ वर्षांपुढच्या मुलांसाठी ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, जोर आणि उंची-वजनाचं प्रमाण, एवढंच असतं. मोजपट्टी, वजनकाटा आणि स्टॉपवॉच पुरतं. दर तीन महिन्यांनी घ्या आणि प्रत्येक मुलाची वही ठेवा. मुलाने स्वतःच्याच मागच्या वेळेशी तुलना करायची, शेजारच्याशी नाही. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, 'दीक्षा' ॲपवर धड्यांचे व्हिडिओ आहेत. वाचनासाठी मुलांना एकदा तरी स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात न्या, १८९३ पासूनची संस्था आहे, ठाण्यात राहून ती न पाहणं बरोबर नाही. पोहायला महापालिकेचा मारोतराव शिंदे तरणतलाव, बॅडमिंटनला महापालिकेचीच सय्यद मोदी प्रशिक्षण योजना, धावायला दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह. तुमच्याकडून हे सगळं लांब पडेल हे मला कळतं. घोडबंदरची संध्याकाळची वाहतूक बघता रोज तिथे न्यायचं ठरवलंत तर गट महिन्याभरात मोडेल. म्हणून लंगडी, लगोरी, दोरीच्या उड्या आणि खो-खो यावर भर द्या. खो-खोचं पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचं असतं, पण सरावाला त्याच्या निम्मी जागाही चालते. दोन खांब, रेषा आखायला फक्कीची (पांढऱ्या भुकटीची) एक पिशवी आणि शिट्टी, बाकी खर्च नाही.

खो-खोवर आले की मला थांबता येत नाही.

आमच्या शाळेत एक मुलगी होती, वागळे इस्टेटमधल्या एका वस्तीतून यायची. आई पाचपाखाडीत घरकाम करायची, वडील रिक्षा चालवायचे. पळती अशी की आक्रमण करणाऱ्या मुली वैतागायच्या. आठ जणी मधल्या पाटीवर आलटूनपालटून विरुद्ध तोंडं करून बसलेल्या असतात आणि उठलेल्या मुलीला एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. या मुलीची नजर कायम आक्रमकाच्या पायाच्या चवड्यावर असायची. चवडा जिकडे वळला, त्याच्या उलट दिशेला ही आधीच निघालेली. खांबावर तर तिचा हात कधी चुकला नाही. उजव्या तळव्याला इतके घट्टे पडले होते की वहीवर लिहिताना पेन घसरतं म्हणायची. वर्गात मात्र ती शेवटच्या बाकावर गप्प बसायची, गणितात कायम काठावर.

सुरुवातीला सराव सकाळी असायचा आणि ती दर वेळी उशिरा यायची. मी रागावायच्या आधी सहज विचारलं, तर कळलं की वस्तीत पाणी त्याच वेळेला येतं आणि भरायचं काम तिचं. सराव संध्याकाळी शाळा सुटल्यावर घ्यायला लागले. मग वडिलांची तक्रार, अंधार पडतो. म्हणून त्या भागातल्या सगळ्या मुली एकत्र घरी जातील आणि शेवटच्या मुलीच्या दारापर्यंत दोघी तरी सोबत असतील असं ठरवलं. अर्धी पँट नको म्हणाले, तर पूर्ण ट्रॅकपँट चालेल म्हटलं. या गोष्टी कुठल्या योजनेच्या माहितीपत्रकात नसतात. मुलींचा खेळ नेमका इथेच सुटतो. आणि आणखी एक गोष्ट अगदी उघड सांगते: मैदानाजवळ कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल, तर महिन्यातले चार-पाच दिवस मुली येणारच नाहीत, आणि काही दिवसांनी येणंच बंद करतील. माझ्या खेळाच्या कपाटात चेंडू-दोऱ्यांच्या शेजारी पॅडचा डबा असायचा. तुमच्या गटाच्या खर्चात तो पहिला धरा.

नववीत दिवाळीनंतर आमच्या गणिताच्या सरांनी मुख्याध्यापिकांकडून पीटीचे तास मागून घेतले. घटक चाचणी जवळ आली, वर्गाचा निकाल लागायचा आहे, असं कारण. संध्याकाळचा सरावही बंद करायला लावला. 'महिन्याभराचा प्रश्न आहे बाई' म्हणाले. त्या महिन्यात ही मुलगी शाळेतून दिसेनाशी झाली. मी वर्गशिक्षिकेकडून हजेरीपट मागून घेतला आणि पहिल्यापासून पाहिला. ज्या वारी सराव असायचा त्या वारी ती हजर, सराव नसलेल्या दिवशी बहुतेक वेळा गैरहजर, आणि सराव बंद झाल्यापासून गैरहजेरीच्या खुणांची सलग ओळ. मी तो हजेरीपट तसाच उचलून सरांच्या टेबलावर उघडा ठेवला.

घरी गेले तर आई म्हणाली, 'तिला वर्गात काही कळत नाही बाई, मैदान आहे म्हणून जायची. आता मैदान नाही तर म्हणते मी कामाला जाते.' जवळच्याच एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाचं बोलणं वडिलांनी करूनही ठेवलं होतं. चौदा वर्षांची मुलगी.

मुख्याध्यापिकांशी त्या आठवड्यात मी पुष्कळ भांडले. शेवटी असं ठरलं की सराव परत सुरू, पण सरावानंतर अर्धा तास मैदानाच्या पायऱ्यांवरच अभ्यास, तो केल्याशिवाय घरी जायचं नाही. शिकवणार कोण? सरांनी नकार दिला, मैदानावर शिकवणं त्यांना शोभत नाही म्हणाले. मग आमच्याच शाळेतून कॉलेजात गेलेल्या दोन जुन्या खेळाडू आल्या, आणि शाळेच्या कार्यालयात हिशेब पाहणाऱ्या ताई आल्या. त्या ताईंनी बीजगणित इतकं साधं करून सांगितलं की मलाही ऐकत बसावंसं वाटायचं. घाम वाळायच्या आत वही उघडायची, हा नियम. मुली दमलेल्या असायच्या पण चिडलेल्या नसायच्या, आणि चुकलं तर लाजायच्या नाहीत. मैदानावर रोज सगळ्यांसमोर बाद होणारी मुलगी गणित चुकल्याने खचत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय.

ती मुलगी परत आली. दहावी पहिल्या झटक्यात पास झाली, साठ टक्क्यांच्या आतच. पुढे बी.कॉम. केलं, आज नोकरी करते.

सर अजूनही भेटतात, ठाण्यातच राहतो आम्ही. अजून म्हणतात, 'खेळली नसती तर पंच्याहत्तर टक्के पडले असते तिला.' माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: खेळली नसती तर परीक्षेलाच बसली नसती. तुम्ही पालकही खेळाची आणि अभ्यासाची वजाबाकी मांडताय, इकडचा तास काढला की तिकडे जमा होतो असं. तसं होत नाही. काढलेला तास मोबाइलमध्ये जातो, झोपेत जातो, आणि काही घरांमध्ये पॅकिंगच्या गाळ्यात जातो. तुमच्या सोसायटीतल्या मुलांवर कामाला जायची वेळ येणार नाही. पण त्यांच्यातही असा एक तरी मुलगा निघेल जो शाळेत फक्त मधल्या सुट्टीसाठी जातो. तुमचा गट त्याच्यासाठी आहे, ९५ टक्केवाल्यासाठी नाही. तो कसाही शिकेल.

'खेळून पुढे काय' असं कुणी विचारलं तर त्यांना सांगा, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत जिंकला, आणि प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला खाडीपलीकडे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला. तुमच्या मुली त्यानंतर बॅट मागत असतील तर द्या.

शालेय स्पर्धांत मुलं पुढे गेली तर दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण असतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जायला हवा. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते, म्हणून प्रत्येक मूळ कागद सांभाळून ठेवा. पण या दोन गोष्टींसाठी मुलाला मैदानात उतरवू नका. फार थोड्यांच्या हाती त्या लागतात.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. दमा किंवा हृदयाची तक्रार असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच धावायला लावा. एप्रिल-मे मध्ये दुपारी काही घेऊ नका. सिमेंटवर सूर मारायला शिकवू नका, गुडघे आणि कोपरं जातात. ते फक्त मातीवर किंवा मॅटवर. आणि सगळे पीटी शिक्षक चांगले असतात असं माझं म्हणणं नाही. चेंडू फेकून सावलीत बसणारे आणि मुलांना शरीरावरून बोलणारे मीही पाहिलेत. असा माणूस ठेवण्यापेक्षा तुमच्यातली एखादी धावणारी आई बरी. रोज त्याच वेळेला येणारं मोठं माणूस हवं. बुटांच्या आणि ॲपच्या आधी ते शोधा.

शाळेशीही बोला. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान आणि ग्रंथालय दोन्ही असलं पाहिजे असं लिहिलंय, आणि तो कायदा आठवीपर्यंत लागू आहे. पालक-शिक्षक संघाच्या सभेत वेळापत्रकाची प्रत मागा आणि पीटीच्या तासांवर खूण करा. जूनमध्ये ते तास दिसतील. जानेवारीत पुन्हा वही घेऊन मुलालाच विचारा, या आठवड्यात त्या तासांना कोण आलं होतं. गणिताचे सर आले होते असं उत्तर आलं, तर एकट्याने जाऊ नका, पाच-सहा पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा आणि लेखी द्या. एकट्या शिक्षिकेचं ऐकलं जात नाही. पालकांचं पत्र आलं की फाइलला लागतं आणि उत्तर द्यावं लागतं.

उन्हाळी शिबिरांबद्दल विचारलंत, त्यावर माझं मत फार चांगलं नाही. दहा दिवसांच्या शिबिराला जे पैसे भराल त्यात वर्षभराची फक्की, दोऱ्या आणि दोन खांब येतात. खांब लाकडी घ्या, गुळगुळीत घासून घ्या, बसवण्याआधी हात फिरवून काटे नाहीत ना ते बघा.