नोकरी करून स्वतःच्या कामाची उमेद टिकवायची कशी?

दिवसभर नोकरी करून रात्री चित्रकथा काढायला बसता, दोन महिने जोर राहतो आणि मग आपोआप बंद पडतं, असं तुम्ही लिहिलंय. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, 'की नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं?' मी लिहायला बसलो ते त्या वाक्यामुळं. हाच वाद माझ्या थोरल्या भावाशी कित्येक वर्षं चालू आहे.

मी परभणी जिल्ह्यात एका बँकेच्या तालुक्याच्या शाखेत आहे. पीककर्जाच्या फायली, सातबाऱ्यावरचा बोजा, मार्चअखेर, सगळं आलं. सुट्टीच्या शनिवारी-रविवारी मी बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरी, मोजतो. टेप, ओळंबा आणि होकायंत्र घेऊन खाली उतरायचं, पायऱ्या, देवकोष्ठं (मूर्तीसाठीचे भिंतीतले कोनाडे), दगडांचे थर वहीत घ्यायचे आणि घरी येऊन शाईनं प्रमाणात आराखडा काढायचा. आमच्याकडची वालूरची गोल फिरत खाली जाणारी बारव, चारठाण्याची बारव, ही नावं आता लोकांना माहीत झालीत. बाभळीत आणि गाळात बुजलेल्या बारवांकडं मात्र कुणी फिरकत नाही, आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत ढासळली की मोजायला काही उरत नाही. हे मला बघवत नाही.

दादा अंबाजोगाईला शिक्षक आहे. त्याचं म्हणणं, "अर्धं हे अन् अर्धं ते, यानं काहीच धड होत नसतं. एक तर नोकरी सोड, नाही तर हे सोड." दाखला तो संतकवी दासोपंतांचा देतो. घरदार सोडून ते माहूरला गेले, म्हणून पुढं ४० फुटांच्या पासोडीवर, म्हणजे जाड सुती कापडावर, लिहिण्याएवढं बळ आलं, असं तो मानतो. पासोडी मीही डोळे भरून पाहिलीय. पण तिच्यावरून बँकेतल्या माणसानं राजीनामा द्यावा, हे काही निघत नाही.

जिंतूर तालुक्यातल्या एका बारवेचं सांगतो. गावाचं नाव देत नाही, गुप्तधनाच्या नादानं रात्री खोदणारे अजून आहेत. फेब्रुवारीत पाणी खाली गेल्यावर उतरलो. वरच्या चौकोनाच्या चारही बाजू बऱ्यापैकी सारख्या आल्या, पण दोन कर्णांत वीतभर फरक. परत मोजलं, तेवढाच. तेवढ्यात मार्च लागला आणि रविवारही शाखेत जायला लागले. तो कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवला. रोज जेवताना तो फरक दिसायचा. त्या महिनाभरात माझी उमेद एका दिवसासाठीही कमी झाली नाही, कारण उत्तर अडकलेलं होतं.

एप्रिलात ओळंबा सोडला तेव्हा कळलं, ईशान्येचा कोपरा आत कलला होता. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इतकी वर्षं मागून तिचा रेटा बसलेला. त्यात नेमका त्याच कडेवरून ट्रॅक्टरचा रस्ता. शेजारच्या शेतातले एक म्हातारे काका पहिल्या दिवशी विचारत होते, "कशाला मोजायलात साहेब? कर्ज द्यायचं हाय का बारवेला?" दुसऱ्या खेपेला त्यांनीच नातवाला टेप धरायला पाठवलं. मग त्यांचा फोन यायला लागला, "आमच्या बारवेचा कागद झाला का?" आराखडा झाल्यावर आम्ही दोघं तो घेऊन सरपंचांकडं गेलो. सरपंच मला ओळखत होते ते कर्जाच्या कामामुळं. बारव कुठल्या गटात येते, तो रस्ता नकाशावर आहे की नाही, हे मला वाचता आलं तेही याच नोकरीमुळं. ट्रॅक्टरचा रस्ता आता पलीकडून जातो. दादाला मी हे सांगितलं तर म्हणाला, "पूर्णवेळ केलं असतंस तर अशा दहा झाल्या असत्या." नसत्या झाल्या. पगार नसता तर मी पैसे देणाऱ्यांच्या बारवा मोजत बसलो असतो.

आणि दाखलेच द्यायचे तर परभणीचे बी. रघुनाथ घ्या. १९१३ चा जन्म, १९५३ ला गेले. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यातली नोकरी, आणि चाळीस वर्षांच्या आयुष्यात सात कादंबऱ्या, शिवाय कथा आणि कविता. त्यांच्या नावाच्या सभागृहावरून जाताना मला दरवेळी दादाशी पुन्हा भांडावंसं वाटतं.

तर तुमच्यासाठी. उत्साहाची वाट बघू नका. रात्री उठताना पान पूर्ण करून उठू नका. पुढच्या चौकटीत काय येणार हे ठरलेलं असावं आणि काढायचं बाकी असावं. कामावरून डोळे थकून आलात तर त्या दिवशी फक्त एक चौकट शाई करा, नवीन विचार करायला जाऊ नका. प्रत्येक पान टाकून लोकांच्या प्रतिक्रिया मोजणं बंद करा. त्यापेक्षा एकच माणूस असा शोधा जो फोन करून विचारेल, "झालं का?" वर्षातले काही महिने काम होणार नाही हे धरूनच चाला. पावसाळ्यात बारवा भरतात तेव्हा मी उतरत नाही, आराखडे शाई करतो.

एक राहिलं. हे सगळं मला जमतं कारण माझ्या रविवारी आई-वडिलांचं बायको बघते. त्याबदल्यात तिच्या भजनी मंडळाच्या संध्याकाळी स्वयंपाक माझ्याकडं असतो आणि त्या दिवशी मी आराखड्याला हात लावत नाही. घरात लहान लेकरू असेल, किंवा ऑफिसनंतर घरचंही सगळं एकट्या बाईवर पडत असेल, तर वरचे सल्ले पुरणार नाहीत. आधी घरच्यांशी बसून वेळेची वाटणी करून घ्या. तुमच्या प्रश्नात घरचा उल्लेखच नाही, म्हणून विचारतो, तुम्ही रात्री चित्रं काढत असता तेव्हा भांडी कोण घासतं?