रॅमोन्सच्या 'बॉन्झो गोज टू बिटबर्ग' गाण्यामागची भानगड काय?

तुम्ही विचारलंय की वन टू थ्री फोर करून दोन मिनिटांत गाणं उडवणारा रॅमोन्स हा अमेरिकन पंक रॉक बँड एकदम राजकारणावर कसा काय घसरला. कारण तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन.

5 मे 1985 ला हा बाबा पश्चिम जर्मनीत बिटबर्गच्या लष्करी दफनभूमीत गेला, महायुद्ध संपून 40 वर्षं झाली म्हणून, आणि तिथे 49 कबरी वाफेन-एसएसवाल्यांच्या, म्हणजे हिटलरच्या नाझी एसएस दलातल्या सैनिकांच्या. जायच्या आधीच बोंबाबोंब झालेली, छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल व्हाइट हाउसमध्ये तोंडावर बोलले की ती तुमची जागा नाही, तरी साहेब गेलेच. वर आधी म्हणून बसलेले की ते सैनिकपण छळछावणीतल्या लोकांसारखेच बळी! गायक जोई रॅमोन स्वतः ज्यू, टीव्हीवर हे बघून त्याची सटकली आणि त्याने बँडचा बासिस्ट डी डी आणि निर्माता जाँ बोवॉर यांच्यासोबत गाणं लिहिलं. बॉन्झो म्हणजे रेगन हिरो असलेल्या 1951 च्या एका पिक्चरमधलं चिंपांझी, म्हणजे नावातच अध्यक्षाला माकड करून टाकलं.

पण खरी मजा पुढे आहे, गिटारिस्ट जॉनी रॅमोन पक्का रेगनवाला! त्याला हे नाव अजिबात झेपलं नाही. 1985 ला सिंगल ब्रिटनमध्ये आलं, अमेरिकेत नाहीच, आणि 1986 च्या 'अॅनिमल बॉय' अल्बमवर 'माय ब्रेन इज हँगिंग अपसाइड डाउन' हे पुढे आलं आणि बॉन्झो गेला कंसात. तसंही जोईच्या गर्लफ्रेंडशी जॉनीने नंतर लग्न केलेलं, त्यामुळे दोघांचं बोलणं बंदच असायचं, तरी बँड 1996 पर्यंत चालला, कमाल आहे.

आमच्या नाशकात पंक ऐकणारे मोजकेच. आम्ही सातपूरला एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आमच्या बँडवर हे गाणं बसवलंय, बास अ‍ॅम्प आणि पंखा एकत्र लावला की एमसीबी पडतो. त्यात कीबोर्ड पण आहे बरं का, रॅमोन्सकडून अपेक्षा नसते, तो भाग लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मित्राने एका ऐकण्यात उचलला. ड्रमर आणि मी दर निवडणुकीला भांडतो, त्यामुळे मला तरी जॉनीचा राग येत नाही. नाव बदललं, शब्द तेच राहिले, कोरसमध्ये बॉन्झो आहेच. हेडफोन लावून ऐका, जोईचा आवाज इतका चिडलेला दुसरीकडे कुठे ऐकला नाही मी.