गाळा विका, पण आधी ऑटो-डेबिट थांबवा

प्रश्न : वय ५७, तीन वर्षांनी निवृत्त होईन. २००८ मध्ये उपनगरातल्या एका मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा घेतला, २४ लाखांना. बिल्डरने तीन वर्षं ठरलेलं भाडं दिलं, पुढे एक मोबाइलवाला होता. तळमजल्यावरचं डिपार्टमेंट स्टोअर बंद झाल्यापासून गाळा रिकामाच आहे. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर धरून वर्षाला ५५ हजार जातात. आता ११ लाखांना गिऱ्हाईक आलंय. असोसिएशनवाले म्हणतात मॉल पुन्हा सुरू होईल. विकू की थांबू? (पैसे आले की बँकेतून घेतलेल्या गॅरंटीड इन्कम पॉलिसीचे हप्ते भरायचे आहेत. वर्षाला ३ लाख, १० वर्षं. एक भरला, दुसरा पुढच्या महिन्यात.)

उत्तर : विका. ११ लाखांचं बँकेतलं व्याज साधारण सत्तर हजार, वर ५५ हजार वाचतील. म्हणजे थांबायचं तर गाळा दरवर्षी सव्वा लाखाने वधारला पाहिजे. तुमच्या फोटोत सरकत्या जिन्याला दोरी बांधलेली आहे आणि पायऱ्यांवर कबुतरं बसली आहेत. तिथे काय वधारणार?

गाळे सुटे विकलेले मॉल असेच मरतात. मालाडचा इनऑर्बिट किंवा गोरेगावचा ओबेरॉय घ्या. तिथे गाळे भाड्याने दिले जातात आणि कुठे काय असावं हे एक मालक ठरवतो. तुमच्याकडे जितके गाळे तितके मालक. खाली मोठं दुकान होतं तोवर त्याच्या गर्दीतली चार माणसं वर यायची. २०२२ मध्ये बिग बझारची शटर्स पडली तेव्हा बऱ्याच मॉलनी हेच भोगलं. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या पाहणीत २०२३ साली आठ मोठ्या शहरांत असे ६४ ओस मॉल निघाले. आणि ते तीन वर्षांचं 'ठरलेलं भाडं'? बिल्डरने तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याहप्त्याने परत केले.

टोकन घेण्याआधी रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दर बघा. तो सौद्याच्या रकमेहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त असला, तर आयकर खातं तोच विक्रीभाव धरतं आणि फरकावर घेणाऱ्यालाही कर लागतो. सीएला विचारा. रिटर्न वेळेत भरलं तर गाळ्यातला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण तो दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच वजा होतो.

गाळ्याचं झालं. मला घोर लागलाय तो तुम्ही कंसात टाकलेल्या ओळीचा.

निवृत्तीनंतर पॉलिसीचे सहा हप्ते उरतात, १८ लाख. गाळ्याच्या ११ लाखांत चारसुद्धा होत नाहीत. बाकीचे कुठून, पीएफमधून? तुम्ही जोडलेल्या कागदावर ६८ व्या वर्षापासून २० वर्षं दरसाल ३ लाख ४० हजार मिळणार, असं आहे. ३० लाखांचे ६८ लाख ऐकायला छान वाटतं. पण शेवटची रक्कम हाती येईल तेव्हा तुम्ही ८७ चे असाल, आणि मुद्दल वेगळं परत नाही. हिशोब केला तर परतावा पाच-साडेपाच टक्के. साध्या एफडीहूनही कमी, आणि तेही पैसे तीस वर्षं अडकवून! साठीला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवलेत तर आजच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला साडेएकसष्ट हजार येतील. करपात्र आहेत, पण पहिल्या तिमाहीपासून, आणि मुद्दल तुमचं. बँकेतल्या मॅडमनी हा तक्ता तुमच्यापुढे का ठेवला नाही, ते त्यांच्या टार्गेटला विचारा.

दुसरा हप्ता भरू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एक वर्षाचा हप्ता भरून वर्ष पुरं झालं की सरेंडरवर, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर, काही रक्कम मिळते. नेमकी किती, ते विमा कंपनीकडून ईमेलवर मागवा. ३ लाखांतले बरेच बुडतील, बुडू द्या. 'एफडीसारखंच आहे' असं सांगून सही घेतली असेल तर बँकेकडे आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल आहे, तिथे फी नाही.

वार्षिक हप्ता उशिरा भरायला तीस दिवसांची मुदत असते, तेवढ्यात सरेंडरचं उरकेल. पण तुमच्या खात्याला ऑटो-डेबिट लावलेलं आहे. ते आधी शाखेत जाऊन बंद करा आणि पोच घ्या.