वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन नकाशा-अभ्यासक्रमाची पूर्वतयारी

प्रश्न : भूगोल घेऊन बी.ए. केलं आहे. विद्यापीठाच्या एक वर्षाच्या ऑनलाइन जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याचं तंत्र) अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत. घरात ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. नवा घ्यावा लागेल का? आणि तोवर काय शिकू?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : लगेच नवा घेऊ नका. ४ जीबीवर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडतं, पण शेजारी व्याख्यान चालू ठेवून उपग्रहचित्र उघडलंत की सगळं अडतं. आधी दुकानात लॅपटॉप उघडून रॅमची जागा रिकामी आहे का ते बघून घ्या. रॅम ८ जीबी केली आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर वर्ष निभावतं. नवाच घ्यायचा ठरला तर १६ जीबीचा घ्या. गेमिंगवाल्या महागड्या ग्राफिक कार्डाची या अभ्यासाला गरज नाही. चाकाचा माऊस मात्र हवाच, कारण टचपॅडवर बोट घासत शंभर शेतांच्या हद्दी काढणं म्हणजे हाताला शिक्षा. क्यूजीआयएस फुकट आहे. डाउनलोड करताना ‘एलटीआर’ म्हणजे दीर्घकाळ टिकणारी आवृत्ती निवडा. ती एक जीबीच्या आसपास असते, सेंटिनेल-२ उपग्रहाचा एकेक तुकडाही साधारण तेवढाच. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर हे भागायचं नाही, तेव्हा मोठ्या फाइली वर्ग सुरू होण्याआधीच उतरवून ठेवा.

शिकायचं म्हणाल, तर सॉफ्टवेअरची बटणं शेवटी. पहिले पंधरा दिवस अक्षांश-रेखांश आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यांना द्या, आणि सगळा सराव स्वतःच्या तालुक्यावर करा. परक्या शहराच्या नमुना-फाइलीत चूक झाली तर ती कळत नाही. आपल्या गावचा ओढा डोंगरावर चढलेला दिसला की लगेच कळते.

एक प्रयोग आजच करा. एक्सेलमध्ये साताऱ्याचा अक्षांश १७.६८ आणि रेखांश ७४.०० लिहा, सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून जतन करा आणि क्यूजीआयएसमध्ये आणा. एक्सच्या रकान्यात रेखांश आणि वायच्या रकान्यात अक्षांश जायला हवा. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, म्हणून हमखास उलटं होतं, आणि सातारा नॉर्वेच्या उत्तरेला गार समुद्रात जाऊन पडतो. हे एकदा मुद्दाम करून बघा, म्हणजे पुढे परीक्षेत बिंदू गायब झाले तर कुठे शोधायचे ते कळेल.

प्रश्न : सराव म्हणून आमच्या द्राक्षबागेची हद्द उपग्रहचित्रावरून काढली. सातबाऱ्यावर ४० आर आहे, नकाशात ४४ आर येतं. दुसऱ्या खेपेला तर ०.००००००३४ असा आकडा आला. नेमकं कुठे चुकतंय?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : हद्द काढण्यात फारसं चुकलेलं नाही, मोजपट्टी चुकली आहे. हा गोंधळ आधीच निस्तरलात तर पहिलं सत्र हलकं जाईल.

वेबवरची पार्श्वचित्रं बहुधा ‘वेब मर्केटर’ या प्रक्षेपणात असतात; प्रक्षेपणांच्या क्रमांकयादीत त्याचा क्रमांक ईपीएसजी ३८५७. त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसा भूभाग ताणला जातो. तासगावच्या अक्षांशावर, म्हणजे १७ अंशांच्या जवळ, हा ताण क्षेत्रफळात सुमारे १० टक्के होतो, म्हणजे एकरामागे चार गुंठे जास्त. तुमचे ४० आर ४४ झाले ते यामुळेच. दुसऱ्या खेपेला थर (लेयर, म्हणजे नकाशावरचा तुमच्या हद्दीचा पदर) ईपीएसजी ४३२६ मध्ये होता. त्याचं एकक अंश, त्यामुळे उत्तर आलं चौरस अंशात. तो आकडा बरोबर आहे, पण शेतीच्या हिशेबाला निरुपयोगी.

उपाय असा : थरावर उजवी क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ निवडा आणि ईपीएसजी ३२६४३ मध्ये नवी फाइल करा. हा यूटीएमचा (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा) ४३ उत्तर पट्टा, ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा. सातारा आणि सांगली दोन्ही त्यात बसतात. एकक मीटर असल्यामुळे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येतं. १०० ने भागलं की आर. इथे एक चूक फार जण करतात. ‘सेट लेयर सीआरएस’ने प्रक्षेपणाचं नुसतं लेबल बदलतं, आकडे आत जुनेच राहतात आणि बाग भलतीकडे उडते. रूपांतर हवं तर एक्स्पोर्टच किंवा ‘रीप्रोजेक्ट’.

पडताळा सोपा आहे. यूटीएममध्ये साताऱ्याचं ईस्टिंग (पूर्वेकडचे मीटर) सुमारे ३,९४,००० आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचे मीटर) सुमारे १९,५५,००० येतं. ईस्टिंगच्या जागी नुसता ७४ दिसला तर थर अजून अंशांतच (ईपीएसजी ४३२६) आहे, आणि ८२ लाखांच्या घरातला आकडा दिसला तर वेब मर्केटरमध्येच.

जुन्या टोपोशीट (सर्वे ऑफ इंडियाचे छापील नकाशे) वापरणार असाल तर आणखी एक पेच आहे. त्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बेतलेल्या. डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ते आजचं माप) समजून त्या बसवल्यात तर सगळंच शंभरेक मीटर सरकतं. सांगलीचं शीट ४७ एल या गटात येतं. नकाशाच्या तळाशी काय छापलंय ते वाचूनच सुरुवात करा.

सगळं नीट करूनही दोन-चार टक्क्यांचा फरक राहू शकतो, कारण पार्श्वचित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असतं. बांधाच्या वादात हा नकाशा पुढे करू नका. तिथे भूमी अभिलेखची मोजणीच चालते.

प्रश्न : गावांची नावं मराठीत भरली. फाइल पुन्हा उघडली तर प्रश्नचिन्हं. ‘गावाचेनाव’ या रकान्याचं नावही तुटलं.
— एक वाचक, कराड (जि. सातारा)

उत्तर : दोष शेपफाइलचा, म्हणजे नकाशाचा थर साठवायच्या जुन्या फाइल-प्रकाराचा आहे. तिचा तक्ता जुन्या डीबीएफ पद्धतीचा, आणि त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ (संगणकात सगळ्या लिपी साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि कानाही वेगळा मोजला जातो. ‘गाव’ एवढं लिहिलं की ९ बाइट संपले! म्हणून रकान्यांची नावं रोमन लिपीत छोटी ठेवा, आतला मजकूर मराठीत भरा आणि फाइल जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात जतन करा. प्रश्नचिन्हं येतात ती जतन करताना यूटीएफ-८ निवडलेलं नसलं की. जनगणनेचे आकडे नावावरून जोडू नका, एकाच जिल्ह्यात दोन वडगाव असू शकतात. गावाच्या कोडवरून जोडा, आणि तो रकाना दोन्हीकडे ‘टेक्स्ट’ असू द्या, नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं.

प्रश्न : सांगलीत नोकरी करून ब्रिटनमधल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम करणार आहे. तास तिकडच्या संध्याकाळी ६ चे. गृहपाठ पाठवताना काय सांभाळू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तास आपल्या रात्री १०:३० ला, तिथून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत ११:३० ला. मुदतीची वेळही याच हिशेबाने काढा. राऊटरला छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपची बॅटरी टिकते, पण वीज गेली की वायफाय आधी जातं.

गृहपाठात सर्वाधिक गुण जातात ते रिकाम्या प्रकल्पावर. क्यूजीआयएसची प्रकल्प-फाइल डेटा साठवत नाही, तो कुठे आहे याचा पत्ता साठवते. नुसती तीच पाठवलीत तर तपासणाऱ्याला पांढरा पडदा दिसतो. प्रकल्प आणि सगळे थर एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं रोमन आणि बिनजागेची असू द्या. शेपफाइल द्यायचीच असेल तर एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे हे सगळे भाऊबंद बरोबर हवेत. फोल्डर झिप करा आणि पाठवण्याआधी दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.