वाचक विचारतात: लाउडन काउंटीच्या पाणचक्क्या, जुन्या वस्त्या आणि कबरी

या वेळी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीबद्दल बरेच प्रश्न आलेत. तिकडे आपली मराठी मंडळी खूप आहेत त्यामुळे नवल नाही. निवडक प्रश्नांची उत्तरं देतोय, थोडी लांबलीत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न: आम्ही अ‍ॅशबर्नला राहतो. आजूबाजूला सगळी डेटा सेंटर्स आणि टाउनहाउसेस, पण रस्त्यांची नावं बघावी तर एव्हरग्रीन मिल्स रोड वगैरे. इतक्या मिल्स खरंच होत्या का? आणि मग गेल्या कुठे?

होत्या हो, आणि कापडाच्या नाही, बहुतेक पिठाच्या. आधी गाव आणि मग गिरणी असं आपण धरून चालतो ना, तिथे बऱ्याच ठिकाणी उलटं झालं, ओढ्याला उतार कुठे आहे ते बघून कुणीतरी चक्की टाकली आणि तिच्याभोवती लोहार, दुकान, प्रार्थनाघर असं करत गाव बसलं. वॉटरफर्ड हे त्याचं अगदी स्वच्छ उदाहरण. १७३३ मध्ये एमॉस जॅनी नावाचा क्वेकर (साधेपणा आणि शांतता मानणारा ख्रिस्ती पंथ) माणूस पेनसिल्व्हेनियातून तिथे आला, कटॉक्टिन क्रीकच्या दक्षिण फाट्यावर जमीन घेतली, पुढे चक्की उभी केली, आणि त्या वस्तीला लोक आधी जॅनीज मिलच म्हणायचे.

त्याच्याही आधी ती जमीन रिकामी नव्हती हे मात्र विसरू नका. १६९९ मध्ये व्हर्जिनियाचे दोन दूत पोटोमॅक नदीतल्या बेटावर पिस्कॅटवे या मूळनिवासी जमातीच्या वस्तीत जाऊन आले होते त्याची नोंद आहे. १७२२ च्या ऑल्बनी तहात इरोक्वॉय या मूळनिवासी लोकांनी ब्लू रिज डोंगररांगेच्या पूर्वेला न येण्याचं कबूल केलं आणि मग गोऱ्या वसाहतवाल्यांना रान मोकळं झालं. उत्तरेकडून क्वेकर आले, जर्मन आले (लव्हेट्सव्हिलच्या भागाला अजूनही जर्मन सेटलमेंट म्हणतात), खालून मोठ्या जमीनदारांची घराणी गुलामांना घेऊन आली. काउंटी म्हणून वेगळी झाली १७५७ मध्ये, फेअरफॅक्समधून.

आता इतक्या चक्क्या का, तर गहू. तंबाखूने जमिनीचा कस जायचा म्हणून लोक गव्हाकडे वळले. तिथल्याच जॉन बिन्स या शेतकऱ्याने १८०३ मध्ये पुस्तक काढलं, जमिनीत जिप्सम घाला, क्लोव्हर (चाऱ्याचं गवत) पेरा, खोल नांगरा. ती पद्धत लाउडन पद्धत म्हणूनच ओळखली जाते, राष्ट्राध्यक्ष जेफरसनने पण तिचं कौतुक केलं. पीक वाढलं की दळण वाढणारच. आणि गहू नेण्यापेक्षा पीठ करून पिंपात भरून नेलेलं परवडतं, ऑल्डी गावापासून अलेक्झांड्रिया बंदरापर्यंत लिटल रिव्हर टर्नपाइक हा टोलचा रस्ता होताच.

चक्की कुणीही कुठेही टाकू शकत नव्हतं बरं का. बंधारा घातला की वरच्याची जमीन बुडणार, म्हणून आधी कोर्टात अर्ज, मग पंच जागेवर जाऊन नुकसान किती ते ठरवणार, मग परवानगी. दळणाची मजुरी पण कायद्याने बांधलेली, साधारण आठवा हिस्सा धान्य. ह्या अर्जांमुळेच आज आपल्याला कळतं कुठल्या ओढ्यावर कुणाची चक्की होती.

गेल्या कुठे म्हणाल तर काही जळाल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, युनियनच्या म्हणजे उत्तरेच्या घोडदळाने, व्हर्जिनिया ज्यांच्या बाजूला होतं त्या दक्षिणेकडच्या मॉस्बीच्या गनिमी टोळीची रसद तोडायची म्हणून इथली कोठारं नि गिरण्या पेटवल्या, आणि त्यात क्वेकरांची पण मालमत्ता गेली, जे मुळात युनियनच्याच बाजूचे होते! हे वाचलं की अजून चीड येते. ज्या वाचल्या त्यांना पुढे पोलादी रोलर मिल्स आणि रेल्वेने येणाऱ्या पिठाने संपवलं. रस्त्यांना नावं तेवढी राहिली.

प्रश्न: लेकीकडे गेलो तेव्हा ऑल्डीची मिल पाहिली. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे, आमची पाणचक्की आणि ती एकच का हो?

काम एकच, अंग वेगळं. तुमच्या पाणचक्कीत पाणी उंचावरून खाली पात्यांवर पडतं आणि तो पंखा आडवा फिरतो, त्याचाच दांडा वर जात्याच्या तळीला, म्हणजे मध्ये दातेरी चाकांची भानगड फारशी नाही. ऑल्डीला चाक उभं. पाटाने आणलेलं पाणी चाकाच्या डोक्यावर सोडतात, चाकाचे कप्पे भरतात, वजनाने चाक खाली येतं. मग उभ्या चाकाची गती आडव्या तळीला द्यायची तर दातेरी चाकं लागणारच, आणि त्यातच वेग पण वाढवून घेतात. तिथे अशी दोन चाकं शेजारी शेजारी आहेत, लोखंडी, पेनसिल्व्हेनियाच्या फिट्झ कंपनीची, मूळची नाहीत.

मिल बांधली चार्ल्स फेंटन मर्सरने, १८०७ ते १८०९ च्या सुमाराला. त्या काळी ऑलिव्हर इव्हान्सची यंत्रणा नवी होती, १७९० चं पेटंट, त्यात बादल्यांचा पट्टा धान्य वर नेतो, स्क्रू ते आडवं सरकवतो, पीठ आपोआप पसरून गार होतं, म्हणजे पोती खांद्यावर घेऊन जिने चढायचं बंद. परत गेलात तर मिलवाल्यांना जात्याची तळी दाखवायला सांगा. तळीवर मधून कडेपर्यंत तिरप्या खाचा असतात, दळताना पीठ त्यातून बाहेर येतं आणि दगड तापत नाही. त्या झिजल्या की टाकी लावावी लागते, आपल्याकडे पाथरवट दारोदार फिरून लावायचे तेच काम.

प्रश्न: वॉटरफर्डच्या क्वेकर दफनभूमीत दगड एवढे बुटके आणि साधे का?

कारण मेल्यावर पण कुणी मोठा कुणी लहान असं दिसू नये हा त्यांचा आग्रह. सुरुवातीच्या तर कित्येक कबरींवर दगडच नाही, त्यामुळे मोकळी हिरवळ दिसते म्हणून तिथे कुणी नाही असं समजू नका. जिथे लिहिलेलं आहे तिथे तारीख नीट बघा, महिन्याचं नाव नसून नुसता आकडा असतो, "३ रा महिना" असा, कारण काही महिन्यांची नावं रोमन देवांची म्हणून ते वापरत नसत.

हे लोक गुलामगिरीविरोधी, शस्त्र न धरणारे, पण युद्धाने कुणालाच बाजूला राहू दिलं नाही. वॉटरफर्डच्या गिरणीचा मालक सॅम्युअल मीन्स, त्याला गाव सोडून मेरीलँडला पळावं लागलं आणि १८६२ मध्ये त्याने लाउडन रेंजर्स ही युनियनची तुकडी उभी केली, व्हर्जिनियाचा असून व्हर्जिनियाविरुद्ध!

प्रश्न: रूट ७ आणि बेलमॉन्ट रिज रोडच्या कोपऱ्यावर गुलामांची दफनभूमी आहे म्हणतात. मुलांना न्यावं का? बघायला काही आहे का?

जरूर न्या. बघायला कोरीव असं काही नाही आणि तेच मुलांना सांगायचं. शेतातले ओबडधोबड दगड उभे केलेत, कुठे जमीन माणसाच्या लांबीएवढी खचलेली, ती प्रत्येक खच म्हणजे एक कबर. जवळच बेलमॉन्टचा वाडा उभा आहे, १८०० च्या आसपासचा, तो ज्यांच्या कष्टावर चालला त्यातली माणसं इथे आहेत, नावाशिवाय. आज तिथली देखरेख लाउडन फ्रीडम सेंटर करतं.

नावं अजिबात सापडत नाहीत असं नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या यादीत मालकाचं नाव आणि खाली फक्त वय, लिंग, रंग, पण मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत नावं येतात, गाईगुरांच्या ओळीत, किमतीसकट. वाचताना पोटात कालवतं. लाउडनची कोर्टाची कागदपत्रं १७५७ पासूनची टिकलीत, युद्धात तिथल्या कोर्टाच्या कारकुनाने ती दूर कॅम्पबेल काउंटीत नेऊन लपवली म्हणून. मोठ्या मुलांना घेऊन लीसबर्गच्या थॉमस बाल्च लायब्ररीत जा, स्थानिक इतिहास आणि वंशावळीसाठीच आहे ती.

आणि दोन गोष्टी पाळा. कुणाच्या खाजगी शेतात कबरी असतील तर व्हर्जिनियाचा कायदा वंशजांना आणि वंशावळ शोधणाऱ्यांना जायचा हक्क देतो, पण मालकाला आधी कळवून, ठरलेल्या वेळी. दुसरं, अक्षरं वाचता यावीत म्हणून दगड तारेच्या ब्रशने घासू नका, ब्लीच किंवा शेव्हिंग क्रीम लावू नका, दगड खराब होतो. एक आरसा न्या, बाजूने तिरपा उजेड पाडा, सावलीने अक्षरं आपोआप उठून दिसतात आणि फोनवर फोटो पण छान येतो.