चार दिवसांची नोकरी आणि एक तासाचा शो

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "वय 34. एका कंपनीत अकाउंट्स विभागात आहे. तीन वर्षं झाली, रात्री स्टँड-अप कॉमेडीचे ओपन माइक करते, म्हणजे नवख्यांनाही पाचेक मिनिटं जोक सांगायला मिळतात ते कार्यक्रम. दहा महिन्यांच्या पगाराएवढी शिल्लक साठली आहे. आठवड्याला चारच दिवस काम, शुक्रवारी सुट्टी आणि 20 टक्के कमी पगार, अशी सोय द्यायला ऑफिस तयार आहे. शिवाय हॉल आणि कॅमेरे भाड्याने घेऊन स्वतःचा एक तासाचा शो रेकॉर्ड करायचा आहे, त्याला चार पगार लागतील. घरकर्ज चालू आहे. नवराही नोकरी करतो, त्याचा विरोध नाही. दोन्ही गोष्टी यंदाच करू का?"

नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही तुमच्या वहीची पानं पाठवलीत हे फार बरं झालं. सल्ला मागणारे लोक स्वप्नं सविस्तर लिहितात आणि खर्च "साधारण" लिहितात. तुमच्या वहीत 11 महिन्यांतले 94 सेट, म्हणजे स्टेजवरच्या 94 पाळ्या, आहेत. प्रत्येकापुढे वार, मिनिटं, कोणता जोक चालला, कोणता पडला आणि घरी परतायला काय लागलं. 47व्या सेटपुढची नोंद वाचून मी मोठ्याने हसलो: "प्रेक्षक 6, पैकी 5 कॉमेडियन, सहावा माइकची वायर शोधत होता." हा जोक स्टेजवर वापरला नसेल तर वापरा.

आता हिशेब. तुमचा हातात येणारा पगार 100 धरू. त्यातले कर्जाच्या हप्त्याला 28, घरखर्चातल्या तुमच्या वाट्याला 42, ऑफिसच्या येण्याजाण्याला आणि किरकोळीला 8, कॉमेडीला 7, आणि शिल्लक 15. चार दिवसांच्या नोकरीत 100 चे 80 होतील. कर थोडा कमी बसेल, पण ते आत्ता धरायला नको. म्हणजे शिल्लक शून्य आणि वर दरमहा 5 ची तूट.

साठलेले आहेत 1000. त्यातून सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला काढायचे, कॉमेडी सोडून 78 गुणिले 6, म्हणजे 468. या पैशाला हात लावायचा नाही. उरले 532. रेकॉर्डिंगला 400, वर्षभराच्या तुटीला 60, एकूण 460. आकडे बसतात! वर 72 उरतात. तुम्ही स्वतः अकाउंट्समधल्या, तेव्हा हे तुम्ही आधीच मांडून पाहिलं असणार आणि म्हणूनच "दोन्ही एकदम" असं विचारलंत.

बसतात, तरी मी रेकॉर्डिंगला नाही म्हणतो. पैसे पुरत नाहीत म्हणून नव्हे, माल तयार नाही म्हणून. तुमच्या वहीत ज्या जोकांपुढे "पक्का" अशी खूण आहे ते सगळे एकापाठोपाठ लावले तर 14 मिनिटं भरतात. मी दोनदा बेरीज केली. उरलेली 46 मिनिटं कुठून आणणार? खूण नसलेल्या जोकांमधून. आणि ते तुम्ही चार पगार खर्चून कायमचे टिपून ठेवणार.

दुसरं असं की रेकॉर्ड करून लोकांसमोर टाकलेलं मटेरियल जळतं, हे तुमच्याच लोकांचं म्हणणं. गाणं लोक पुन्हा पुन्हा ऐकतात. जोक एकदा माहीत झाला की त्याच लोकांसमोर तो तसाच्या तसा चालत नाही. म्हणजे तीन वर्षांत जमवलेला 14 मिनिटांचा साठा तुम्ही एका रात्रीत खर्ची टाकणार, आणि दुसऱ्या दिवशी माइकवर पुन्हा कोरी वही घेऊन उभ्या राहणार. 94 सेटचे पाच-पाच मिनिटांनी 470 मिनिटं होतात, त्यावर 11 महिन्यांत तुमचे 77 खर्च झाले. म्हणजे 1 खर्चून सहा मिनिटं स्टेज मिळालं. रेकॉर्डिंगमध्ये एका मिनिटाला पावणेसात पडतात, म्हणजे चाळीस पट. चाळीस पट महाग मिनिट चाळीस पट पिकलेलं तरी असावं.

तुम्ही अमेरिकन कॉमेडियन बॉब न्यूहार्ट यांचं उदाहरण दिलंत. तेही अकाउंटंट होते आणि 1960 मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्याच रेकॉर्डला पुढच्या वर्षी अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. सगळं खरं. पण ते रेकॉर्डिंग त्यांनी स्वतःची शिल्लक मोडून केलेलं नव्हतं. वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सने त्यांना करारबद्ध केलं होतं. हिशेबात जोखीम कुणाच्या नावावर आहे हा रकाना मोठा असतो. मला तुमच्यासाठी दुसरे अमेरिकन कॉमेडियन रॉडनी डेंजरफील्ड जवळचे वाटतात. विशी सरता सरता त्यांनी स्टेज सोडलं, घर चालवायला बरीच वर्षं ॲल्युमिनियमचे पत्रे विकले, जे घरांना बाहेरून बसवतात ते, आणि चाळिशीच्या सुमारास परत आले. 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचा स्वतःचा क्लब होता. ही विद्या वयाने बाद होत नाही, त्यामुळे "यंदाच" हा शब्द मी तुमच्या प्रश्नातून खोडतोय.

आता चार दिवसांचं. इथे माझं मत तुमच्या बाजूचं आहे, पण तुम्ही दिलेलं कारण पटत नाही. "स्टेजला जास्त वेळ मिळेल," असं तुम्ही लिहिलंय. तो कसा मिळेल? ओपन माइक रात्री असतात, तुमचं ऑफिस दिवसा. शुक्रवारी दुपारी घरी बसलात म्हणून स्पॉट, म्हणजे स्टेजवर जायच्या संधी, वाढत नाहीत. तुमची खरी अडचण पत्राच्या तिसऱ्या पानावर ओझरती आली आहे: बुधवारी मध्यरात्री घरी, गुरुवारी सकाळी नऊला ऑफिस, आणि एकदा ताळेबंदात एक शून्य जास्त पडलं. ते शून्य मला फार महाग वाटलं. तुमच्याकडची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे पुढच्या पंचवीसेक वर्षांचा पगार. घर आणि शिल्लक त्याच्यापुढे किरकोळ आहेत. झोपेअभावी तो पगार धोक्यात येत असेल तर पगारातले 20 देऊन 80 वाचवणं हा वाईट सौदा नाही.

पण मग शुक्रवार कशाला? 94 पैकी 61 सेट मंगळवारी आणि बुधवारी झालेत. सुट्टी गुरुवारी घ्या. सकाळी झोप काढा, दुपारी रात्रीचं रेकॉर्डिंग ऐकून लिहा. (फोनवर प्रत्येक सेट रेकॉर्ड करता ना? नसाल तर करा, ते फुकट आहे.)

आणि कॉमेडीच्या त्या 7 कडे एकदा बघा. त्यातले जवळजवळ 4 रात्रीच्या टॅक्सीचे आहेत. एकट्या बाईने मध्यरात्री परतायचं तर टॅक्सी लागणारच, त्यात काटकसर करा असं मी म्हणणार नाही. पण तुमचं पत्र आल्यावर मी एका ओपन माइकला जाऊन मागे बसलो होतो. आयोजक मुलगी वेळ संपली की फोनचा टॉर्च दाखवायची. अठरा जणांची यादी होती आणि पहिल्या चौघांत जायला कुणीच तयार नव्हतं, कारण लोक अजून खुर्च्या ओढत होते. हे पहिले स्पॉट मागून घ्या. प्रेक्षक थंड असतात हे खरं, पण थंड प्रेक्षकांसमोर चाललेला जोकच "पक्का" म्हणायचा. सगळ्यांचे सेट ऐकून न घेता निघणं तिथे वाईट दिसतं असं ऐकतो, तेव्हा आठवड्यातून एकदाच लवकर निघा आणि दुसऱ्या रात्री शेवटपर्यंत थांबून कुणासोबत तरी टॅक्सी वाटून घ्या. 7 चे 5 होतील. ऑफिसची एक फेरी वाचल्याने 8 चे 7. मग तूट 5 ची न राहता 2 ची राहते.

हे सगळं सहा महिन्यांसाठीच करा, वर्षासाठी नको. सहा महिन्यांची तूट 12 आणि न झालेली बचत 90, म्हणजे 102. एका पगाराला सहा महिन्यांचे गुरुवार. हा भाव मला रास्त वाटतो आणि नवऱ्यासमोरही हाच आकडा ठेवा. "विरोध नाही" हे उत्तर माणूस आकडा ऐकण्याआधी देतो.

या सहा महिन्यांत कॉमेडीतून मिळकत शून्य धरा. एखादा सशुल्क स्पॉट मिळाला, कुणा कंपनीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मिळालं तर ते वरचे. तुम्हालाच कमी पैसे मिळतायत असं नाही. लॉस एंजेलिसच्या नावाजलेल्या द कॉमेडी स्टोअरमध्येही कॉमेडियनना सेटचे पैसे मिळत नव्हते. त्यासाठी 1979 मध्ये त्यांनी संप केला तेव्हा कुठे एका सेटला 25 डॉलर ठरले. जे मिळेल ते मात्र कराच्या विवरणात दाखवा. छंद आणि व्यवसाय यांत कर खातं बऱ्याच ठिकाणी फरक करतं, तेव्हा टॅक्सीच्या पावत्या खर्चात टाकायच्या आधी तुमच्याकडचा नियम बघून घ्या. हे तुम्हाला मी सांगायला नको.

स्वतःच्या शोची हौस दाबून ठेवा असंही म्हणत नाही. आणखी दोघा-तिघांबरोबर छोटा हॉल घ्या, प्रत्येकी वीस मिनिटं करा. त्यासाठी 40 बाजूला काढा, त्याहून जास्त नको. रेकॉर्ड केलंत तरी ते बाहेर टाकू नका, तुमच्यापुरतं ठेवा. "पक्का" खुणा 45 मिनिटांच्या पुढे गेल्या की मला पुन्हा पत्र लिहा, तेव्हा त्या 400 बद्दल बोलू. हात न लावलेले ते पैसे तोवर मुदत ठेवीत असू देत.

ऑफिसकडून होकार तोंडी घेऊ नका. निवृत्तीची वर्गणी, बोनस आणि विमा 100 वर चालू राहणार की 80 वर, हे विचारा. घरकर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचा विचार असेल तर पगार कमी व्हायच्या आत हलवा, नंतर पात्रता घटते. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाचून परवानगी घ्या, कारण तुमच्या 14 पक्क्या मिनिटांतली चार तुमच्या साहेबांवर आहेत. सहा महिन्यांनी पूर्ण पगारावर परत येता येईल ही ओळ पत्रात हवीच. आणि कामही 20 टक्के कमी होणार, त्यातलं कोणतं कुणाकडे जाणार, हे नावानिशी लिहून घ्या. महिनाअखेरीची खाती बंद करण्याच्या आठवड्यात गुरुवार आला तर तो बदलून कधी मिळणार, तेसुद्धा.